शिकारीहून माणगावला

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे कुकडी नदीच्या काठचे गाव. बागायती आणि चारचौघांसारखे. पण पुरातत्त्वाच्या अभ्यासकांच्या जगात या गावाचे नाव दूरवर पोचले आहे. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना येथे नदीकाठच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला आणि त्याच्याच सोबतीने अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारेही मिळाली. ती राख किती जुनी आणि हत्यारे किती जुनी, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाले. आपल्याला त्यात शिरायचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हत्यार. हातात धरायची दगडी कुऱ्हाड. तिनेच जनावराचे कातडे सोलायचे, तिनेच हाड फोडायचे आणि तिनेच कंद उकरायचे. शिकारीची वस्तू वेगळी आणि घरातली वस्तू वेगळी, असा भेद तेव्हा पडलेला नव्हता.

आज त्याच परिसरात शिकार या शब्दाचा अर्थ उलटा झाला आहे. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, जिरायतीच्या जागी ऊस उभा राहिला आणि त्या उसात बिबट्याने बिऱ्हाड केले. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले, यावरून प्रश्न किती मोठा आहे ते कळावे. रात्रीच्या पाळीला पाणी धरायला जाणारा शेतकरी हातात बॅटरी आणि काठी घेऊन, मोठ्याने बोलत जातो. अंगणातले लेकरू बिबट्याने उचलले, की गावाचा संताप अनावर होतो आणि पारावर एक बोलणे हटकून निघते. पूर्वीच्या राजांच्या वेळी असे नव्हते, तेव्हा शिकारी होते, राजे स्वतः बंदूक घेऊन उतरत. आताही तसा कोणी हवा.

राजे खरोखर कशासाठी उतरत? रानातून परतताना ते काय घेऊन येत? तालुक्यात शिवनेरी आहे. तिथे जन्मलेल्या छत्रपतींच्या घराण्याची एक गादी कोल्हापूरची. त्या गादीवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एक असा राजा बसला, की ज्याच्याइतका शिकारीचा नाद त्या काळच्या महाराष्ट्रात क्वचितच कोणाला असेल. राजर्षी शाहू महाराज. त्यांचे आरक्षण, त्यांची वसतिगृहे आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. त्यांची शिकार मात्र आपण चरित्राच्या कडेला, छंद म्हणून टाकून देतो. मला वाटते, ती कडेला टाकण्यासारखी गोष्ट नाही.

कागलचा मुलगा

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातले ते यशवंतराव. वडील जयसिंगराव, म्हणजे आबासाहेब, हे कागलचे अधिपती. आई राधाबाई मुलगा अगदी लहान असतानाच गेल्या. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला ब्रिटिशांच्या नजरकैदेत असताना मरण पावले आणि गादी रिकामी झाली. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी यशवंतरावांना दत्तक घेतले. नाव ठेवले शाहू. वय अवघे नऊ वर्षांचे. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, वडीलही गेले.

राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. इंग्रज गुरूंनी संस्थानिकांच्या मुलांना जे शिकवायचे ते शिकवले. इतिहास, कायदा, राज्यकारभार आणि त्याच्या जोडीला घोडेस्वारी, निशाणबाजी, शिकार. ब्रिटिशांच्या दृष्टीने राजपुत्राला रानात गुंतवून ठेवणे सोयीचे होते. हातात भाला असलेला राजा कागदपत्रांत फारसे डोके घालीत नाही, असा त्यामागे हिशेब असावा. पुष्कळ संस्थानांत तो बरोबर ठरला. कोल्हापुरात चुकला.

१८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, विशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. धिप्पाड देह, कुस्तीची विलक्षण आवड, जनावरांची पारख आणि उन्हातान्हात हिंडण्याची सवय. असा हा राजा कचेरीत बसून राज्य करणारा नव्हताच.

भाला, टोपी आणि लाकडी पळी

बँकेत तारणाच्या मालाची यादी करण्यात उमेदीची वर्षे गेली, म्हणून म्हणा, मला माणसापेक्षा आधी त्याच्या वस्तू दिसतात. महाराजांच्या शिकारीच्या वस्तूंची यादी करायची, तर पहिला येईल भाला. घोड्यावरून पाठलाग करून भाल्याने रानडुक्कर मारणे हा त्यांचा आवडता खेळ. बांबूच्या दांड्याला पोलादी पाते, बस्स. बंदुकीची शिकार मचाणावर बसून करता येते. यात मात्र ओढे, खड्डे, बांध, निवडुंग यांतून भरधाव घोडा काढावा लागतो. डुक्कर उलटले तर घोड्याचे पोट फाडते. इथे राजा आणि डुक्कर यांच्यात अंतर भाल्याच्या लांबीइतकेच.

दुसरी वस्तू चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी. काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. भावनगरचे भावसिंहजी हे महाराजांचे राजकोटपासूनचे स्नेही. भावनगर आणि कोल्हापूर या दोन दरबारांनी हा खेळ इतर सर्वांपेक्षा अधिक काळ टिकवून धरला. चित्ता लहानपणापासून पाळलेला चालत नसे. आईकडून शिकार शिकलेला, रानातून धरलेला प्रौढ चित्ताच लागे. त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीवर बसवायचे. बैलगाडीची सवय असल्यामुळे काळवीट गाडीला बुजत नाही. कळप टप्प्यात आला, की टोपी काढायची. काही क्षणांचा विजेसारखा पाठलाग. साधला तर साधला, नाहीतर चित्ता खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही. साधला, तर चित्तेवान धावत जाई आणि लाकडी पळीत काळविटाचे रक्त धरून चित्त्यापुढे करी. तो ते पिऊ लागला, की शिकार त्याच्याकडून सोडवायची आणि टोपी पुन्हा चढवायची. आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखीच ती पळी. वाघाच्या जातीचे जनावर एका पळीच्या आधाराने आवरायचे, हे कसब चित्तेवानाचे; त्याच्याखेरीज राजाची शिकार होत नसे.

तिसरी वस्तू खडखडा. ही महाराजांची घोडे जोडलेली, उघडी, दणकट गाडी. नाव तिच्या आवाजावरून. महाराज स्वतः लगाम हातात घेत आणि माळरानावरून ती पिटाळीत. गाडीला टप नाही, पडदे नाहीत, गाद्यागिर्द्या नाहीत. वाटेत भेटलेल्या माणसाला वर घ्यायचे आणि बोलत बोलत न्यायचे. धनगराच्या तळावर भाकरी खाल्ली, शेतकऱ्याच्या खोपीत पाणी प्याले, म्हातारीने राजाला ओळखले नाही आणि गाऱ्हाणे मात्र सांगितले, अशा कितीतरी कथा आजही कोल्हापूरच्या खेड्यांत सांगतात. त्यातल्या काही वाढलेल्या असतील. पण अशा कथा सगळ्याच राजांच्या नावावर जमत नाहीत. ज्याची गाडी खरोखर गावाच्या शिवेतून जाते, त्याच्याच नावावर त्या जमतात.

फासा

या यादीतली चौथी वस्तू महाराजांची नव्हे. ती फासेपारध्यांची. फासा. तातीचे किंवा दोरीचे सरकते वेढे आणि जमिनीत ठोकायच्या खुंट्या. या फाशावरूनच जमातीचे नाव पडले. तितर, ससे, हरणे धरून पोट भरणारे हे लोक रानाचे खरे जाणकार. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकणे, पाखराच्या आवाजात पाखराला बोलावणे, मातीवरच्या पुसट खुणेवरून जनावर केव्हा गेले ते सांगणे, ही विद्या त्यांच्याकडे पिढीजात होती.

पण ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच माणसे गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी झाली. जो फासा घेऊन फिरतो, त्याला ना घर ना शेत. म्हणून तो चोर. राजाची शिकार हा खेळ आणि पारध्याची शिकार हा गुन्हा, असा हा न्याय.

रानात हिंडणाऱ्या महाराजांना हा न्याय पटला नाही. ज्या माणसाच्या डोळ्यांवर विसंबून आपण झाडीत शिरतो, तो माणूस गावात आल्यावर अविश्वासू कसा ठरतो, हा प्रश्न त्यांना पडला असला पाहिजे. त्यांनी फासेपारध्यांना पकडून तुरुंगात घालण्याऐवजी कामे दिली. ज्यांना चोर म्हणत, त्यांनाच पहाऱ्यावर नेमले. कोल्हापूरजवळ सोनतळीच्या परिसरात त्यांना राहायला जागा दिली. माहूत आणि कोचमन म्हणून अस्पृश्य मानलेल्या समाजातली माणसे घेतली. राजाच्या हत्तीचा अंकुश आणि राजाच्या गाडीचा लगाम ज्याच्या हातात, त्याची सावली विटाळाची कशी म्हणायची? भाषण न करता दिलेले हे उत्तर होते.

पुढे १९१८ मध्ये त्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी आपल्या संस्थानात बंद केली. गावच्या चावडीवर जाऊन आपण इथेच आहोत असे रोज सांगण्याचा अपमान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांना त्या हुकुमाचा अर्थ कळला. उरलेल्या देशात त्या जमाती कायद्याने मोकळ्या व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

अमेरिकेतला दुसरा शिकारी

याच काळात पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत शिकार हा राजाचा खेळ नव्हता, ते घराघरातले काम होते. बंदुकीची दारू ठेवायला जनावराचे शिंग, अंगात हरणाच्या कातड्याचा अंगरखा, शहरी साहेबाच्या डोक्यावर बीव्हर नावाच्या प्राण्याच्या लोकरीची टोपी. हरणाच्या कातड्यांचा व्यापार इतका मोठा, की डॉलरला आजही बोलीभाषेत बक म्हणतात, ते या हरणाच्या कातड्यावरून आले असे मानतात. पण रेल्वे आली, कारखाने आले, यंत्रांच्या पट्ट्यांना चामडे हवे झाले आणि तिथल्या रानगव्यांची, म्हणजे बायसनची, कत्तल सुरू झाली. कोट्यवधींनी मोजायचे ते कळप शतकाच्या अखेरीस काही शेकड्यांवर आले. त्या कळपांवर जगणाऱ्या मूळ रहिवाशांचे जगणेही त्यांच्याबरोबर गेले.

तिथेही एका शिकाऱ्याचेच डोळे उघडले. थिओडोर रूझवेल्ट हे अट्टल शिकारी. १९०१ ते १९०९ या काळात ते राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांनी प्रचंड जंगले राखीव केली. रूझवेल्टना शिकारीतून रान वाचवण्याची बुद्धी झाली. शाहू महाराजांना शिकारीतून रानातला माणूस वाचवण्याची बुद्धी झाली. दोघांच्या वाटा वेगळ्या, सुरुवात एकच.

पण रान वाचले ते महाराजांच्याही वाट्याला आले. दाजीपूरचे दाट जंगल ही संस्थानची राखीव शिकारभूमी होती. गव्यांसाठी ती प्रसिद्ध. याच डोंगराळ मुलखात, भोगावतीच्या खोऱ्यात, महाराजांनी मोठे धरण बांधायला घेतले आणि मुलीच्या, राधाबाईंच्या, नावावरून तिथल्या गावाला राधानगरी हे नाव मिळाले. ज्याने ओढेनाले घोड्यावरून ओलांडले आहेत, त्याला पाणी कुठून येते आणि कुठे वाहून जाते ते नकाशाखेरीज कळते. धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. १९५७ मध्ये झाले. १९५८ मध्ये दाजीपूर हे गव्यांचे अभयारण्य ठरले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाबरोबर त्याचेही नाव लागले. राजाने शिकारीसाठी राखले, म्हणून लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीतून ते बचावले.

किंमत

शिकारीने महाराजांकडून किंमतही घेतली. धाकटे चिरंजीव शिवाजी हे वडिलांसारखेच घोड्यावर आणि शिकारीवर प्रेम करणारे. १९१७ मध्ये त्यांचे लग्न सासवडच्या जगताप घराण्यातल्या इंदुमतीदेवींशी झाले. लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. जून १९१८ मध्ये रानडुकराच्या पाठलागात घोड्यावरून पडून राजपुत्राचा अंत झाला. वय १९ वर्षांचे. ज्या खेळाने राजाला रान दाखवले, त्याच खेळाने मुलगा नेला.

घरात बारा वर्षांच्या आतबाहेरची विधवा सून. राजघराण्यात अशा मुलीचे पुढे काय होते, ते त्या काळच्या प्रत्येक घराला माहीत होते. महाराजांनी सुनेला शिकवायचे ठरवले. राजवाड्यातल्या कुजबुजीपासून दूर, सोनतळीच्या मोकळ्या माळावर, तिच्या शिक्षणाची सोय केली. सोबतीला इतर जातींच्या मुली ठेवल्या. इंदुमतीदेवी पुढे मॅट्रिक झाल्या आणि कोल्हापुरात त्यांनी स्त्रीशिक्षणाचे मोठे काम उभे केले. महाराजांनी दुःख कसे सोसले याचे वर्णन मी करणार नाही. त्या दुःखात त्यांनी काय केले, एवढे पुरे आहे.

हजेरी बंद करण्याचा हुकूम त्याच वर्षीचा, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

याच सुमाराची गोष्ट गंगाराम कांबळे यांची. ते दरबारच्या पागेत नोकर. हौदातल्या पाण्याला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांनी त्यांना नोकरीच्या जाचातून सोडवले आणि चहाचे हॉटेल काढायला मदत केली. नाव सत्यसुधारक. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तर खुद्द महाराज. फेरफटक्याला निघाले, की गाडी हॉटेलाशी थांबवायचे, चहा मागवायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. राजाच्या हातात कप असताना आपला कप नाकारण्याची हिंमत कोणाची होणार?

अर्ध्यावर सोडलेली शिकार

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात आज छत्रपती शहाजी महाराजांच्या नावाचे संग्रहालय आहे. शहाजी महाराज हे शाहूंच्या कन्येचे चिरंजीव, पुढे दत्तक येऊन गादीवर बसलेले. तेही नामांकित शिकारी. तिथे पेंढा भरलेली जनावरे आहेत, भिंतींवर मुंडकी आहेत, जनावरांच्या पायांपासून केलेल्या रोजच्या वापराच्या वस्तू आहेत. सहलीची मुले वाघासमोर घोळका करतात. आजच्या डोळ्यांना ते दालन थोडे अस्वस्थ करते आणि तसे ते करावे, हेच योग्य. कारण चित्ता आपल्या देशातून गेला. १९४७ मध्ये मध्य भारतातल्या कोरिया संस्थानात शेवटचे तीन मारले गेले आणि १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याआधीच कोल्हापूर आणि भावनगर दरबारांना आफ्रिकेतून चित्ते आणावे लागत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोच्या जंगलात सोडलेले चित्तेही आफ्रिकेतलेच. शाहू महाराज थोर होते म्हणून त्यांचा भाला थोर ठरत नाही. तेवढा प्रामाणिकपणा आपण ठेवला पाहिजे.

पण भिंतीवर जे टांगता येत नाही, तेही मोजले पाहिजे. २६ जुलै १९०२ चा, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम. १९१७ मधले सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण. जातीजातींच्या मुलांची वसतिगृहे. हे सगळे करणाऱ्या राजाला लोकांची गरिबी अहवालांतून कळलेली नव्हती. ती त्याने खडखड्यातून, माळावरून, पारध्याच्या पालासमोरून पाहिली होती.

मार्च १९२० मध्ये माणगावला अस्पृश्य समाजाची परिषद भरली. अध्यक्ष होते विलायतेत शिकलेले, तिशीच्या आतले डॉ. आंबेडकर. महाराज त्या दिवसांत शिकारीवर होते. ते शिकार सोडून परिषदेला आले, आपण आंबेडकरांचे विचार ऐकण्यासाठी मुद्दाम शिकारीहून आलो आहोत असे त्यांनी तिथे सांगितले आणि जमलेल्या लोकांना त्यांचा पुढारी दाखवून दिला. माझ्या मते महाराजांच्या सगळ्या शिकारींत ही अर्ध्यावर सोडलेली शिकार सर्वांत मोलाची. त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते.

आता पुन्हा कुकडीच्या काठी येऊ. उसातला बिबट्या हा आजचा खरा प्रश्न आहे. लेकरू गमावलेल्या आईबापांना शाहू महाराजांची गोष्ट सांगून समाधान मिळणार नाही, हे मला कळते. पण पूर्वीचा शिकारी राजा हवा असे जेव्हा पारावर निघते, तेव्हा एवढे सांगावेसे वाटते. त्या राजाजवळ बंदूक होती, तशी इतर पाचशे संस्थानिकांजवळही होती. त्याच्याजवळ जास्तीचे होते ते हे, की तो रात्री पाणी धरणाऱ्याच्या बांधापर्यंत जात होता, रान ओळखणाऱ्या माणसाला गुन्हेगार न मानता शेजारी बसवत होता आणि घरी परतल्यावर जे पाहिले त्याचा हुकूम काढत होता. आज असा कोणी हवा असेल, तर तो बंदुकीच्या परवान्यावरून ओळखता येणार नाही. तो किती रात्री बांधावर आला, यावरून ओळखावा लागेल.